अंगठीवाचून ओळख

1901 सालच्या नोव्हेंबरात फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात रेल्वेतील एका कारकुनाची 51 वर्षांची पत्नी दाखल झाली. तिचे नाव आउगुस्टे डेटर. तिला तपासणाऱ्या आलोइस अल्झायमर या डॉक्टरांचे नाव पुढे त्या रोगाला चिकटले. एमिल क्रेपेलिन यांनी 1910 साली आपल्या पाठ्यग्रंथात ते रूढ केले. तिचे कागद मात्र दप्तरात पडून राहिले. 1995 साली ते सापडले आणि 1997 साली प्रसिद्ध झाले. वैद्यकाच्या दृष्टीने त्यांचे मोल काय असेल ते असो; वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्या प्रकरणातील दोन गोष्टी थबकावून ठेवतात. आजाराचे पहिले लक्षण म्हणून जे नोंदले गेले ते विसरणे नव्हे, नवऱ्याविषयीचा संशय होता. आणि डॉक्टरांनी नाव विचारले तेव्हा तिने आउगुस्टे म्हणून सांगितले. आडनाव विचारले, तरी आउगुस्टेच. नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हाही आउगुस्टेच असावे असे ती म्हणाली. दोन जीवांचे अद्वैत हा प्रेमकाव्याचा जुना, लाडका संकेत आहे. येथे ते अद्वैत अक्षरशः घडले आहे, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. 1906 साली ती वारली. मधल्या काळात त्या कारकुनाने काय सोसले, संशयाचे ते आळ कसे पचविले, हे त्याच्या शब्दांत आपल्यापर्यंत आलेले नाही. जे आले ते डॉक्टरांच्या टिपणांतून गाळून आले.

त्याचे ते न बोललेले बोलणे पुढे साहित्याने बोलून दाखविले. विसरणाऱ्या माणसाच्या जोडीदाराने सांगितलेली कहाणी हा गेल्या सुमारे तीस वर्षांत जवळजवळ एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार होऊन बसला आहे. आपल्या देशातही हा अनुभव आता घरोघरचा होऊ लागला आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील भारतीयांत शंभरांमागे 7.4 जणांना स्मृतिभ्रंशाने गाठलेले आहे. म्हणजे सुमारे 88 लाख माणसे, आणि त्यांतील कितीएकांच्या उशाशी बसलेला एक नवरा किंवा एक बायको. तेव्हा या कथनांचा विचार करणे म्हणजे नुसता परकीय पुस्तकांचा परामर्श घेणे नव्हे. मला येथे विचारावयाचा प्रश्न साधा आहे. जो आठवतो तोच लिहितो. जो विसरतो त्याला उत्तर देता येत नाही. अशा स्थितीत विसरणारा माणूस कलाकृतीत ‘दुसरा माणूस’ म्हणून शिल्लक राहतो काय?

या बाबतीत आपली भाषाही निर्दोष नाही. स्मृतिभ्रंश हा शब्द आज आपण वैद्यकातील तटस्थ संज्ञा म्हणून वापरतो. परंतु गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो विषयांच्या चिंतनापासून सुरू होणाऱ्या अधःपाताच्या साखळीत. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश. तेथे विसरणे हे प्रमादाचे फळ आहे. बोलीत तर दयामायाच नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणताना आपण हसतो, ‘म्हातारचळ’ म्हणताना नाक मुरडतो. त्यातही भेद आहे: नवरा भलतेसलते बोलू लागला तर त्याला चळ लागतो, बायको तेच करू लागली तर ती पहिल्यापासूनच हेकट असते.

शास्त्रकारांकडे वळावे तर तेथेही अडचण आहे. भरताच्या तेहेतीस व्यभिचारी भावांत स्मृती आहे, मोह आहे, जडता आहे, अपस्मार आणि उन्माद आहेत, विस्मृती नाही. याहून बिकट प्रश्न रसाचा. करुण आणि विप्रलंभ यांतील भेद भरताने आशेच्या आधारे केला आहे: विप्रलंभ सापेक्ष, कारण पुनर्मीलनाची अपेक्षा तेथे जिवंत असते; करुण निरपेक्ष, कारण ती संपलेली असते. आता ज्या घरात वियोगच झालेला नाही, माणूस समोर बसून चहा पीत आहे, आणि तरीही पुनर्मीलनाची आशा नाही, त्या घरचा रस कोणता? उत्तरकालीन आचार्यांनी करुणविप्रलंभ असा एक प्रकार कल्पिला. त्यात जोडप्यातील एकजण मृत, पण पुन्हा जिवंत होण्याचा भरवसा मिळालेला. ‘कादंबरी’तील महाश्वेता आणि पुंडरीक हे त्याचे नेहमीचे उदाहरण. येथे सगळेच उलटे आहे. मी या कोड्याचा निकाल लावू शकत नाही. पण जुन्या चौकटी जेथे अपुऱ्या पडतात तेथे अनुभव खरोखरीच नवा असतो, एवढे म्हणता येईल.

तथापि जोडीदाराने जोडीदाराला विसरणे ही घटना आपल्या वाङ्मयाच्या अगदी मध्यभागी आहे, हे आपणच विसरतो. महाभारतातील दुष्यंताला सर्व आठवत असते. लोकापवादाच्या भयाने तो न आठवल्याचे सोंग करतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला, अंगठी आणली आणि राजाला दोषमुक्त केले. त्यामुळे विसरणे हा बाहेरून कोसळलेला अपघात ठरला आणि आठवणे ही एका वस्तूने उघडणारी कडी ठरली. धीवराला मासा सापडतो, माशाच्या पोटात अंगठी सापडते, राजाला बायको सापडते. मात्र पाचव्या अंकात, अंगठी बोटात नाही हे कळल्यावर, शकुंतला काय करते ते पाहण्यासारखे आहे. ती एक आठवण सांगू लागते. वेलींच्या मांडवात बसलेलो होतो, हरणाचे पाडस होते, ते तुमच्या हातून पाणी प्याले नाही, माझ्या हातून प्याले. आठवते का? राजाला आठवत नाही. एवढेच नव्हे तर तो ते बोलणे बायकी कावा म्हणून धुडकावतो. स्मृतिभ्रंशाच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने ही चूक केलेली असते. पुरावा सापडेना की तो ‘आठवते का’ म्हणून विचारू लागतो, आणि प्रत्येक प्रश्नागणिक समोरच्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. कालिदासाला हे ठाऊक होते. त्याच्या नंतरच्या वाचकांनी अंगठी लक्षात ठेवली आणि पाडस विसरले.

या अंगठीचा मोह न धरता लिहिणे किती कठीण आहे हे जॉन बेली यांच्या ‘आयरिस’ या 1998 सालच्या पुस्तकावरून दिसते. बेली ऑक्सफर्डचे इंग्रजीचे प्राध्यापक आणि नामांकित समीक्षक. त्यांची पत्नी आयरिस मर्डॉक ही कादंबरीकार आणि तत्त्वचिंतक. विवाह 1956 सालचा. रोगाचे निदान 1997 साली झाले. 8 फेब्रुवारी 1999 रोजी ती निवर्तली. म्हणजे पुस्तक बाहेर पडले तेव्हा ती जिवंत होती, आणि आपल्याविषयी काय लिहिले गेले आहे हे समजून घेण्याच्या पलीकडे गेलेली होती. या गोष्टीवरून बराच गदारोळ झाला. मीही त्यात होतो. एका नियतकालिकात मी त्या पुस्तकाचे परीक्षण लिहिले आणि त्यास निर्लज्ज असे विशेषण योजिले. असहाय व्यक्तीचे खासगीपण चव्हाट्यावर मांडणे हा साहित्याचा धर्म नव्हे, अशा अर्थाचे एक भरदार वाक्यही त्यात होते. ते वाक्य आज मी मागे घेतो.

ते का, हे सांगावयास हवे. निर्णयाचे माप मी आयरिस मर्डॉकच्याच लेखनातून घेतो. प्रेम म्हणजे आपल्याखेरीज दुसरे काही खरोखर अस्तित्वात आहे याची कष्टाने होणारी जाणीव, असा विचार तिने 1959 सालच्या एका निबंधात मांडला. पुढे ‘द सॉव्हरेन्टी ऑफ गुड’ या 1970 च्या ग्रंथात तिने उदाहरण घेतले तेही आपल्या माजघरात शोभावे असे: एका सासूला सून थिल्लर वाटते, बाहेरून वागण्यात तिळभर फरक न पडता सासू मनातल्या मनात तिच्याकडे पुन्हा पुन्हा नीट पाहते, आणि तिला सून वेगळी दिसू लागते. सून दूरदेशी असो वा मरण पावलेली असो, हे पाहणे थांबत नाही. योगायोग असा की स्वतः बेलींनीही 1960 सालच्या ‘द कॅरेक्टर्स ऑफ लव्ह’ या समीक्षाग्रंथात, लेखकाचे पात्रावरील प्रेम म्हणजे त्या पात्राच्या स्वतंत्र असण्याचा आनंद, अशी भूमिका घेतली होती. नवरा-बायकोंनी ग्रंथांत मांडलेल्या या कसोटीवर त्यांचे आयुष्यच घासले गेले.

पुस्तकाचे ‘तेव्हा’ आणि ‘आता’ असे दोन भाग आहेत. ‘तेव्हा’मधील तरुण आयरिस झगझगीत आहे, पण ती आठवणाऱ्याची आयरिस आहे, म्हणजे अंगठीच. मला महत्त्वाचा वाटतो तो ‘आता’. त्यात ती रस्त्यावरचा किरकोळ कचरा, काड्या, कागदाचे कपटे, सिगारेटची थोटके, उचलून घरी आणते. दूरचित्रवाणीवर तान्ह्या मुलांसाठी चालणारी ‘टेलिटबीज’ ही मालिका ती दोघे बसून पाहतात. बेली संतापतात, ओरडतात, आणि ओरडलो असे लिहून ठेवतात. आमच्या संसाराचे सुख एकमेकांना एकटे सोडण्यात होते आणि आजाराने तेच हिरावून घेतले, असे ते म्हणतात, तेव्हा साधुत्वाचा लवलेश उरत नाही. मी पूर्वी ज्याला निर्लज्जपणा म्हटले तो हाच. आज मला वाटते की राग आला असे लिहिणारा माणूस निदान समोर कोणीतरी आहे असे मानतो. ज्याच्या इच्छेशी आपली इच्छा आदळते त्याचाच राग येतो. दगडाचा येत नाही. सेवेच्या कहाण्यांत जेथे राग नसतो तेथे मला हल्ली संशय येतो. बेलींचे दोषही आहेत. तिला बालकाच्या जागी बसविण्याचा गोडवा त्यांना फार लवकर आवडू लागतो, आणि या विषयावर त्यांनी पुढे आणखी पुस्तके लिहिली ती सैल आहेत.

जाता जाता एक गोष्ट. 2005 साली इंग्लंडमधील काही संशोधकांनी मर्डॉकच्या पहिल्या, मधल्या आणि 1995 सालच्या अखेरच्या कादंबरीची तुलना केली. वाक्यरचना बहुतांशी शाबूत, पण अखेरच्या कादंबरीतील शब्दसंपत्ती आक्रसलेली, असे त्यांना आढळले. कादंबरी निदानापूर्वीची होती. ज्याला आपण परीक्षणांत प्रतिभेची ओहोटी म्हणून मोकळे होतो, ते कधी कधी काय असते याचा आपण समीक्षकांनी विचार करावा.

ॲलिस मन्रो यांची ‘द बेअर केम ओव्हर द माउंटन’ ही कथा 1999 च्या अखेरीस प्रथम प्रसिद्ध झाली आणि 2001 साली संग्रहात आली. तिने ही कसोटी अधिक कठोरपणे पार केली आहे. फिओना आणि ग्रँट हे कॅनडातील वृद्ध जोडपे. ग्रँट विद्यापीठात शिकवीत असे, आणि त्या काळात त्याने पत्नीशी अनेकवार प्रतारणा केलेली आहे. फिओनाला विसर पडू लागतो. ती शुश्रूषागृहात जाते. पहिले तीस दिवस भेटावयास यावयाचे नाही असा तेथील नियम. महिन्याने ग्रँट जातो तो त्याची बायको ऑब्री नावाच्या एका चाकाच्या खुर्चीतील रुग्णाची सोबतीण झालेली. पतीशी ती वागते ती भेटीस आलेल्या पाहुण्याशी वागावे तशी, अदबीने. ही आपली शिक्षा तर नव्हे, ही मुद्दाम करीत तर नसेल, असे ग्रँटच्या मनात येऊन जाते, आणि वाचकाच्याही. कथेचे सगळे वैभव या शंकेत आहे, असे मला वाटते. मन्रो ही शंका फेडीत नाहीत. कथा ग्रँटच्याच दृष्टीतून सांगितलेली आहे, म्हणजे येथेही आठवणाराच सांगतो. पण विसरणारीला त्यांनी एक इच्छा दिली आहे, आणि ती इच्छा नवऱ्याच्या सोयीची नाही. पुढे ऑब्रीची बायको मेरियन त्याला घरी नेते. तेथे कायम ठेवावे तर राहते घरच विकावे लागेल, हा तिचा हिशेब. मन्रो त्याची मुळीच टिंगल करीत नाहीत. फिओना खंगते. मग ग्रँट उठतो आणि बायकोचा सोबती तिला परत मिळावा म्हणून मेरियनच्या दारी जातो. ज्या प्रकारची खटपट त्याने आयुष्यभर स्वतःच्या चैनीसाठी केली, तीच तो आता तिच्यासाठी करतो. याला त्याग म्हणावे की जुनी सवय? लेखिका सांगत नाही. शेवटी ऑब्रीला घेऊन तो येतो तर फिओना ऑब्रीलाच विसरलेली, आणि क्षणभर ग्रँट तिला ओळखीचा. ओळख मिळते ती नेमकी चुकीच्या दिवशी. येथे अंगठी नाही. मत्स्याच्या पोटातून काही येत नाही. वाऱ्याची झुळूक आली तशी ओळख आली, आणि जाईलही.

आपल्याकडील कलाकृतींत ब्लेस्सी यांचा ‘तन्मात्रा’ हा 2005 सालचा मलयाळम चित्रपट दांपत्याच्या अगदी आत शिरतो. पद्मराजन यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. सरकारी नोकरीतील रमेशन नायर आणि त्याची पत्नी लेखा यांच्या एकांतात, प्रणयाच्या मध्यावर, नवऱ्याचे लक्ष भिंतीवरील पालीकडे जाते आणि तो तिच्यामागे धावतो. त्या प्रसंगाची पुष्कळ चर्चा झाली, ती बहुतेक श्लीलाश्लीलतेची. परंतु स्त्रीच्या वाट्याला येणारा या रोगाचा अपमान इतक्या थोडक्यात मी अन्यत्र पाहिलेला नाही. पुढे चित्रपट मुलाच्या यशाकडे वळतो, आणि लेखा हळूहळू आदर्श पत्नीच्या मूर्तीत थिजते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या मराठी चित्रपटात संस्कृतचे वृद्ध पंडित चक्रपाणी शास्त्री रस्त्यात हत्ती पाहतात आणि त्याच्यामागे चालू लागतात. मुलगी त्यांना शोधीत फिरते. ते मात्र हरवलेले नसतात, हत्तीबरोबर असतात. विसरणाऱ्याला स्वतःचा आनंद असू शकतो हे त्या चित्रपटाने ओळखले. पण तेथे आठवणारी मुलगी आहे. माझ्या वाचनात आलेल्या मराठी लेखनात या आजाराची जबाबदारी बहुधा मुलांवर टाकलेली आढळते. जोडीदार असला तर तो पार्श्वभूमीवर, औषधाची वेळ सांभाळीत.

याचे कारण आपल्या संसाराच्या भाषेत शोधावे लागेल असे मला वाटते. पतिशुश्रूषा या शब्दाने आपल्या स्त्रीचे तोंड बांधले. सावित्रीला कंटाळा आला असे लिहिण्याची सोयच नाही. पुरुषाला तर शुश्रूषेसाठी शब्दच दिलेला नाही. आणि ज्या पिढीविषयी आज लिहावयाचे, तिच्यात बायकोने नवऱ्याचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यात, मंगलप्रसंगी, चार बायकांच्या आग्रहावरून. जे नाव तोंडी कधी आलेच नाही ते हरपले तर कळावे कसे? आउगुस्टेला विचारलेला प्रश्न आमच्या आजीला विचारला असता तर ती लाजून गप्प बसली असती, आणि डॉक्टरांनी ते लक्षण म्हणून टिपून घेतले असते.

माझ्या पत्नीच्या आजाराचे निदान तीन वर्षांपूर्वी झाले. तिच्याविषयी येथे अधिक लिहावे असे मला वाटत नाही. तिची परवानगी घेण्याची वेळ मी दवडली. भाषेपुरती एक गोष्ट मात्र नोंदवितो, कारण ती केवळ माझी नाही. चव्वेचाळीस वर्षे ती मला ‘अहो’ म्हणून हाक मारीत आली. अजूनही मारते. परंतु मराठीत ‘अहो’ हा शब्द नवऱ्यासाठी आहे तसाच अनोळखी भल्या माणसासाठीही आहे. टपालवाल्यालाही अहो, दारी आलेल्या पाहुण्यालाही अहो. त्यामुळे सकाळी ती अहो म्हणते तेव्हा तिने मला ओळखले की घरातील एका वयस्क गृहस्थाला सौजन्याने हाक मारली, हे व्याकरणावरून ठरविता येत नाही. पहिली काही महिने मी स्वरावरून ते ठरवू पाहत असे. मग तिला प्रश्न विचारीत असे. पाडसाची गोष्टच म्हणा ना. आता विचारीत नाही. ओ देतो.

फिओनाने ग्रँटला पाहुण्यासारखे वागविले हे दाखविण्यासाठी मन्रोंना प्रसंग रचावा लागला. मराठी लेखकाला एक संबोधन पुरेल, आणि त्यातील संदिग्धता कोणत्याही भाषांतरात जाणार नाही. ‘अगं’, ‘अहो’, जुन्या घरांतील ‘इकडून’ आणि ‘तिकडून’, नाव न घेता चालविलेली ही सगळी बोलणी म्हणजे विसर पडल्यावरही मोडून न पडणाऱ्या भाषेचा एक साठा आहे. आमच्या कथाकारांनी त्याला अजून हात घातलेला मला दिसत नाही. कोणी घातला तर त्याने आठवणाऱ्याला फार साधुत्व देऊ नये, आणि विसरणारीला एखादा हत्ती, एखादा ऑब्री जरूर द्यावा. मग तो नवऱ्याला सोसो वा न सोसो.

‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाकडे एकदा परत जाऊ. अंकाच्या आरंभी, शकुंतला समोर येण्यापूर्वी, आतून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. राजा अस्वस्थ होतो. कोणा प्रियजनाचा विरह आपल्याला नाही, मग हे मन का हुरहुरावे, हे त्याला कळत नाही. मागल्या जन्मींचे काही स्नेह आत रुतून बसलेले असावेत, अशी तो समजूत घालतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत हा श्लोक घेतला तो उगीच नव्हे. नाव गेले आहे, चेहरा गेला आहे, प्रसंग गेला आहे, आणि भाव जागच्या जागी आहे. सहाव्या अंकातील अंगठी जे करील त्याहून हे वेगळे आहे: अंगठीने राजाला शकुंतला आठवेल, गाण्याने त्याला काहीच आठवत नाही, नुसते होते. ते गाणे चालू असताना शकुंतला दाराशी येऊन पोहोचलेली आहे. कंचुकीने वर्दी तेवढी दिलेली नाही.